स्पॅम फिल्टरचं डॉक्युमेंट असं लिहा की दुसऱ्याला ते पाळता येईल: पोस्टफिक्स, अमाविस आणि स्पॅमअसॅसिन

मेल सर्व्हरवर स्पॅम फिल्टर बसवायचं टिपण बहुतेक ठिकाणी असतं. ते पाळूनही फिल्टर नीट चालत नाही, ही तक्रारही बहुतेक ठिकाणी असते. टिपण उघडून पाहिलं तर सेटिंग बरोबरच लिहिलेलं असतं. राहून जातं ते आजूबाजूचं: सेटिंग कोणत्या फाईलमध्ये टाकायचं, कमांड कोणत्या युजरने चालवायची, त्याआधी काय झालेलं असायला हवं आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं. लिहिणाऱ्याला या गोष्टी इतक्या सवयीच्या असतात की त्या लिहायच्या असतात हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

इथे उदाहरणाला डेबियन किंवा उबुंटूवर चालणारी नेहमीची तिकडी घेतली आहे: मेल घेणारा पोस्टफिक्स, मधला अमाविस आणि स्पॅमच्या संशयाचे गुण देणारा स्पॅमअसॅसिन (गुण जास्त म्हणजे संशय जास्त). कमांड आणि सेटिंगची नावं या लेखात वाचण्यापुरती देवनागरीत आहेत. तुमच्या टिपणात ती मूळ रोमन अक्षरांत, थेट टर्मिनलमधून उचललेली हवीत.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

तीन गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली, एक कोरी व्हर्च्युअल मशीन. तिच्यावर चालू सर्व्हरचंच डिस्ट्रिब्युशन आणि तीच आवृत्ती हवी. चालू सर्व्हरकडे बघून लिहिलेलं टिपण हमखास अपुरं राहतं, कारण तिथे वर्षानुवर्षांत झालेले किरकोळ बदल आता कुणाच्या नजरेतच येत नाहीत. कोऱ्या मशीनवर प्रत्येक पायरी करत करत लिहा आणि दर टप्प्याला स्नॅपशॉट घ्या.

दुसरी, नमुन्याचे मेल. पंचवीसेक खरे स्पॅम आणि तेवढेच खरे कामाचे मेल, संपूर्ण हेडरसकट (मेलच्या वरच्या तांत्रिक ओळी), कच्च्या स्वरूपात सेव्ह केलेले. मेल प्रोग्रॅममधल्या 'सोर्स बघा' किंवा 'सेव्ह ॲज' या सोयीने ते मिळतात. कामाच्या मेलमध्ये बिलं, बँकेच्या सूचना, मोठ्या अटॅचमेंट आणि मराठीतला पत्रव्यवहार, सगळं येऊ द्या.

तिसरी, आवृत्त्यांचे आकडे. स्पॅमअसॅसिन ३.४ मालिकेतला आहे की ४.० चा, अमाविस कोणता, डिस्ट्रिब्युशन कोणतं, हे टिपणाच्या पहिल्या चार ओळींत यायला हवं. स्पॅमअसॅसिन ४.०.० डिसेंबर २०२२ मध्ये आला आणि त्यात 'व्हाईटलिस्ट', 'ब्लॅकलिस्ट' ही नावं बदलून 'वेलकमलिस्ट', 'ब्लॉकलिस्ट' झाली. आवृत्ती लिहिलेली नसेल तर वाचणारा दोन वेगळ्या टिपणांतली दोन नावं एकाच फाईलमध्ये मिसळतो.

इशारा: नमुन्यासाठी कुणाला 'स्पॅम आला तर मला फॉरवर्ड कर' असं सांगू नका. फॉरवर्ड केलं की मूळ 'रिसीव्हड' हेडर जातात आणि पाठवणारा म्हणून तुमच्याच सहकाऱ्याचं नाव लागतं. अशा मेलवर केलेली चाचणी खोटी असते आणि त्यावर फिल्टरला दिलेलं शिक्षण तर सरळ अपायकारक.

## टप्पा १: मेलचा रस्ता आधी लिहा

पहिली कमांड लिहिण्याआधी मेल कुठून कुठे जातो ते पाच-सहा ओळींत लिहा. पोस्टफिक्स २५ नंबरच्या पोर्टवर मेल घेतो, १००२४ वर अमाविसला देतो. अमाविस स्पॅमअसॅसिनकडून गुण काढून घेतो आणि मेल १००२५ वर पोस्टफिक्सला परत करतो. मग तो मेलबॉक्समध्ये पडतो. प्रत्येक मुक्कामासमोर तिथे काय ठरतं तेही लिहा.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असं: स्पॅमअसॅसिन मेल अडवत नाही, पुसत नाही, हलवतही नाही. तो फक्त गुण देतो. पुढचा निर्णय अमाविसचा किंवा सीव्ह नियमांचा (मेलबॉक्समध्ये मेल कुठे टाकायचा ते ठरवणारे नियम). हे ठसठशीत लिहिलं नाही तर वाचणारा भलत्याच ठिकाणी सेटिंग बदलत बसतो.

नेहमीचं उदाहरण 'रिक्वायर्ड स्कोअर'चं, म्हणजे मेल स्पॅम ठरायला किती गुण लागतात त्या आकड्याचं. स्पॅमअसॅसिनच्या बहुतेक लेखांत 'लोकल.सीएफ' या त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये हा आकडा ५.० वरून खाली-वर करायला सांगितलेलं असतं. पण अमाविस स्पॅमअसॅसिनला लायब्ररी म्हणून वापरतो आणि हा आकडा बघतच नाही. 'रिराईट हेडर', 'ॲड हेडर', 'रिपोर्ट सेफ' या सेटिंगनाही तो जुमानत नाही. त्याचे स्वतःचे तीन उंबरठे आहेत: टॅग लेव्हल (इथून हेडर लागतं), टॅग२ लेव्हल (इथून स्पॅमची खूण होते) आणि किल लेव्हल (इथून मेल अडतो). डेबियनच्या पॅकेजमध्ये ते अनुक्रमे २.०, ६.३१ आणि ६.३१ असतात. म्हणजे 'लोकल.सीएफ'मध्ये कितीही आकडे फिरवले तरी फरक शून्य, आणि चूक म्हणून एक अक्षरही कुठे दिसत नाही. तुमच्या टिपणात या सेटिंगची 'इथे चालत नाहीत' अशी वेगळी यादी द्या. इतर लेख वाचून आलेल्या माणसाचा पुष्कळ वेळ त्याने वाचतो.

तपासणी: एक साधा मेल पाठवा आणि मेल लॉगमध्ये अमाविसची ओळ शोधा. 'पास्ड क्लीन' आणि त्यापुढे 'हिट्स:' दिसायला हवं. 'हिट्स:'पुढे आकडा असेल तर गुण दिले गेले. नुसती आडवी रेघ असेल तर स्पॅमची तपासणी झालेलीच नाही.

ही रेघ दिसण्याचं कारण डेबियन-उबुंटूवर बहुधा एकच: अमाविस बसवल्यावर स्पॅम आणि व्हायरस तपासणी मुळात बंद असते. 'कॉन्फ.डी' फोल्डरमधल्या '१५-कंटेंट_फिल्टर_मोड' या फाईलमध्ये 'बायपास स्पॅम चेक्स'च्या ओळींपुढची हॅशची खूण काढावी लागते. ही पायरी गाळलेली टिपणं पुष्कळ दिसतात, कारण लिहिणाऱ्याच्या सर्व्हरवर ती कधीकाळीच होऊन गेलेली असते.

## टप्पा २: प्रत्येक बदलाच्या डोक्यावर तीन ओळी

दर सेटिंगआधी एकाच साच्यात तीन ओळी द्या: फाईल, युजर, सर्व्हिस. 'फाईल अमुक. बदल रूटने करायचा. नंतर अमाविस रीस्टार्ट.' तेच तेच लिहिल्यासारखं वाटेल, पण इथे कंटाळा नको. माणूस टिपण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही, अडचण आली की थेट मधल्या पायरीवर उतरतो.

फाईल. डेबियन-उबुंटूवर 'लोकल.सीएफ' ईटीसीखालच्या 'स्पॅमअसॅसिन' फोल्डरमध्ये असते. रेड हॅटच्या कुळात ईटीसीखाली 'मेल' आणि त्याखाली 'स्पॅमअसॅसिन'. त्याच फोल्डरमधल्या सीएफ फाईली नावाच्या अक्षरक्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोनदा आलं तर नंतरचं लागू होतं. त्यामुळे 'लोकल.सीएफ'शेजारी कुणी 'माय-रूल्स.सीएफ' करून ठेवली असेल, तर तिच्यातलं तुमच्या सेटिंगवर मात करतं. प्लगिन चालू करायच्या ओळी 'प्री' फाईलींत जातात, त्या सीएफच्या आधी वाचल्या जातात.

अमाविसच्या बाजूला 'कॉन्फ.डी'मध्ये आकड्यांनी सुरू होणाऱ्या फाईली आहेत. आपले बदल '५०-युजर'मध्ये करायचे. ती शेवटी वाचली जाते आणि पॅकेज अपग्रेड झालं तरी शाबूत राहते. एक बारीक गोष्ट: या फाईलच्या शेवटी '१;' अशी ओळ असते. ती पुसायची नाही, आपलं सेटिंग तिच्या वर टाकायचं. हे टिपणात लिहा.

इशारा: व्हारखालच्या 'लिब/स्पॅमअसॅसिन' फोल्डरमधल्या नियमांच्या फाईली कधीही हाताने बदलू नका. पुढच्या 'एसए-अपडेट'ला (नियम ताजे करणारी कमांड) त्या नव्याने लिहिल्या जातात आणि तुमचा बदल गुपचूप नाहीसा होतो. नियमाचे गुण बदलायचे ते 'लोकल.सीएफ'मध्ये.

युजर. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. बेझ फिल्टरचा (शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणारा भाग) डेटाबेस डीफॉल्टने ज्या युजरने कमांड चालवली त्याच्या घरात तयार होतो. रूटने 'एसए-लर्न' ही शिकवायची कमांड चालवली तर शिक्षण रूटच्या डेटाबेसमध्ये साठतं. मेल तपासणारा मात्र 'अमाविस' नावाचा युजर, त्याचं घर व्हारखालच्या 'लिब/अमाविस'मध्ये. हजार मेल शिकवूनही फिल्टर होता तिथेच. एररही येत नाही, कारण काम बिनचूक झालेलं असतं, फक्त भलत्या पत्त्यावर. म्हणून टिपणात प्रत्येक 'एसए-लर्न' ही 'सुडो', 'अमाविस' युजर आणि होम फोल्डर बदलणारा मोठा 'एच', अशी पूर्ण लिहा. 'एसए-लर्न चालवा' एवढंच कधीही लिहू नका.

याला जोडूनच परवानगीचा प्रश्न. शिकवायचे मेल तुमच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये असतील तर 'अमाविस' युजरला ते वाचता येत नाहीत. मेल कुठे ठेवायचे आणि त्यांची मालकी कुणाची, हे आधीच सांगा.

सर्व्हिस. अमाविस नियम सुरू होतानाच वाचून घेतो. 'लोकल.सीएफ' बदलल्यावर अमाविसच रीस्टार्ट करायचा. स्पॅमडी नावाची सर्व्हिस या रचनेत वापरातच नसते, तरी अनेक लेखांत तीच रीस्टार्ट करायला सांगितलेली असते.

## टप्पा ३: क्रम ठरवा आणि त्याचं कारण लिहा

सुटी सुटी बरोबर असलेली सेटिंग चुकीच्या क्रमाने केली तर निकाल बिघडतो. पुढचा क्रम पाळा.

१. स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसचे प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम)
२. ट्रस्टेड आणि इंटर्नल नेटवर्क (विश्वासातल्या सर्व्हरची यादी)
३. नियमांचं अपडेट, मग लिंट (सेटिंगमधल्या चुका शोधणारी तपासणी)
४. फक्त खूण करायची, अडवायचं काही नाही
५. बेझचं शिक्षण
६. गुणांमधले बदल
७. सगळ्यात शेवटी अडवणं किंवा क्वारंटाईन (मेल वेगळा काढून ठेवणं)

डीएनएस पहिल्या क्रमांकावर आहे, कारण स्पॅमअसॅसिनचा बराच भार डीएनएसवरून विचारल्या जाणाऱ्या, स्पॅमवाल्यांच्या पत्त्यांच्या याद्यांवर असतो. सर्व्हर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरत असेल तर याद्या चालवणाऱ्यांना तुमचा प्रश्न लाखो इतरांच्या प्रश्नांत मिसळून पोचतो आणि ते उत्तर नाकारतात. अशा याद्या चालवणारं स्पॅमहाऊस अशा वेळी १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर देतं. स्पॅमअसॅसिनच्या निकालात 'यूआरआयबीएल_ब्लॉक्ड' हे नाव दिसतं. उपाय म्हणजे त्याच मशीनवर अनबाउंडसारखा रिझॉल्व्हर बसवायचा, आणि त्याने प्रश्न पुढे दुसऱ्या कुणाकडे फॉरवर्ड न करता स्वतः सोडवायचे. 'अनबाउंड बसवा' एवढं लिहून पुढे गेलात तर वाचणारा फॉरवर्डिंग चालू ठेवतो आणि अडचण जशीच्या तशी राहते.

तपासणी: '२.०.०.१२७' पुढे स्पॅमहाऊसच्या झेन यादीचं नाव जोडून 'डिग'ने (डीएनएसला विचारणारी कमांड) विचारा. हे चाचणीसाठीच ठेवलेलं नाव आहे. उत्तरात १२७.०.०.२ दिसलं तर रस्ता मोकळा आहे. १२७.२५५ ने सुरू होणारं उत्तर आलं किंवा काहीच आलं नाही, तर इथेच थांबा. अमाविसच्या कॉन्फिगमध्ये 'एसए लोकल टेस्ट्स ओन्ली' हे ० आहे ना तेही पाहा. ते १ असेल तर डीएनएस कितीही सुधारलं तरी याद्यांकडे कुणी विचारणा करणारच नाही.

ट्रस्टेड नेटवर्कचं दुसरं स्थानही त्याच कारणाने. तुमच्या पुढे दुसरा एखादा मेल गेटवे किंवा बॅकअप सर्व्हर असेल आणि तो यादीत नसेल, तर स्पॅमअसॅसिन त्यालाच बाहेरचा पाठवणारा समजतो आणि त्याचाच पत्ता याद्यांत शोधतो. खरा स्पॅमवाला त्याच्या मागे सुरक्षित. उलट चूकही होते: नॅटमागच्या (खासगी पत्त्यावरच्या) सर्व्हरवर अंदाज फसला की बाहेरून आलेल्या स्पॅमवर 'ऑल_ट्रस्टेड' हा नियम लागतो आणि त्याचे गुण कमी होतात. बाहेरच्या मेलवर हे नाव दिसलं की आधी नेटवर्कची यादी तपासायची, गुणांना हात लावायचा नाही.

चौथ्या पायरीवर किमान आठवडाभर थांबा, असं स्पष्ट लिहा. किल लेव्हल मुद्दाम ९९९ ठेवायची आणि टॅग लेव्हल उणे ९९९, म्हणजे प्रत्येक मेलवर हेडर लागतं आणि एकही मेल अडत नाही. टॅग लेव्हल २.० वरच राहिली तर त्याहून कमी गुणांच्या मेलवर हेडरच येत नाही आणि वाचणारा 'फिल्टर चालत नाही' असं समजतो. शिवाय ज्या डोमेनची नावं अमाविसच्या 'लोकल डोमेन्स'मध्ये नाहीत, त्यांच्या मेलवर ही हेडर कधीच लागत नाहीत. दुसरं डोमेन सर्व्हरवर घेतल्यावर विसरलं जातं ते हेच.

इशारा: अडवलेल्या स्पॅमसाठी 'डी_बाऊन्स' (मेल नाकारल्याची सूचना पाठवणाऱ्याला धाडणारा पर्याय) वापरू नका. स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, त्यामुळे बाऊन्स भलत्याच माणसाला जातो आणि तुमचाच सर्व्हर याद्यांत चढतो. 'डी_डिस्कार्ड' (मेल गुपचूप टाकून देणारा) वापरणार असाल तर क्वारंटाईन चालू आहे याची खात्री आधी करा, नाहीतर मेल कायमचा गेला.

## टप्पा ४: 'झालं' म्हणजे काय दिसतं ते लिहा

प्रत्येक कमांडखाली अपेक्षित निकाल छापा. कमांड आपल्याला वाटतो तसा निकाल देत नाही, म्हणूनच माणसं घाबरतात किंवा फसतात.

'स्पॅमअसॅसिन'ची लिंट सगळं ठीक असेल तर काहीच बोलत नाही. गप्प राहणं हाच तिचा होकार, हे लिहिलं नाही तर वाचणारा तीच कमांड चार वेळा चालवतो. ओळीत चूक असेल तर 'फेल्ड टु पार्स लाईन, स्किपिंग' असं येतं. त्यातला 'स्किपिंग' महत्त्वाचा: फिल्टर चालूच राहतो, तुमची ती ओळ वगळून. लिंटही 'अमाविस' युजरनेच चालवायची, म्हणजे परवानगीच्या अडचणीही कळतात.

'एसए-अपडेट'चा एक्झिट कोड ० असेल तर नवे नियम आले, १ असेल तर नवीन काही नव्हतं. १ ही चूक नाही. हे माहीत नसल्याने क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) रोज 'अपडेट फसलं' असा मेल येत राहतो आणि काही दिवसांनी तो कुणी उघडतही नाही. ४ किंवा त्याहून मोठा कोड म्हणजे खरी चूक. अपडेटनंतर अमाविस रीस्टार्ट फक्त ० आल्यावर करायचा. तुमच्या पॅकेजचं रोजचं काम ते आपोआप करतं का, ते पाहून टिपणात नोंदवा.

'एसए-लर्न'चा निकाल नीट वाचायला शिकवा:

- '० मेसेज शिकले, ० तपासले': फाईल सापडली नाही किंवा वाचायची परवानगी नाही.
- '० शिकले, २५ तपासले': हे पंचवीस आधीच शिकवलेले आहेत.
- '१ शिकला, १ तपासला', आणि तुम्ही दिली होती शेकडो मेलची एमबॉक्स फाईल: 'एमबॉक्स' हा पर्याय द्यायचा राहिला.

बेझ किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय कामालाच लागत नाही. दोन्ही लागतात. नुसते स्पॅम शिकवून 'बेझचा काही उपयोग नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या डेटाबेसमध्ये चांगल्या मेलचा आकडा वीस-तीसवर अडलेला असतो. 'एसए-लर्न'च्या 'डंप मॅजिक'मध्ये 'एनस्पॅम' (शिकलेले स्पॅम) आणि 'एनहॅम' (शिकलेले चांगले मेल) हे दोन आकडे दिसतात. तुमच्या टिपणात या दोन ओळींचा नमुना छापा.

तपासणी: जीटूब ही ६८ अक्षरांची ठरलेली चाचणी ओळ मेलमध्ये टाकून पाठवा, हजाराच्या आसपास गुण मिळायला हवेत. ओळ मध्ये तुटली तर चाचणी फसते. डेबियनवर स्पॅमअसॅसिनच्या उदाहरणांच्या फोल्डरमधला नमुना स्पॅम वापरणं सोपं. पण यातून रस्ता चालू आहे एवढंच सिद्ध होतं, फिल्टर चांगला आहे असं नाही. त्यासाठी तयारीतले पन्नास मेल 'स्पॅमअसॅसिन'च्या टेस्ट पर्यायातून, 'अमाविस' युजरने, एकेक करून काढा आणि निकाल नोंदवा.

## टप्पा ५: आकड्याशेजारी कारण

टिपणात 'स्कोअर अमुक ३.५' अशी उघडी ओळ ठेवू नका. कोणत्या प्रकारच्या मेलमुळे तो आकडा घातला आणि त्याआधी काय होता, हे एका वाक्यात लिहा. कारण नसलेला आकडा काढायची हिंमत पुढच्या माणसाला होत नाही. असे आकडे साठत जातात आणि एक दिवस एकमेकांशी भांडतात.

एक मेल जवळून पाहू. पुरवठादाराचं मराठीत लिहिलेलं बिल, आणि ते जंकमध्ये गेलं. हेडरमधल्या 'टेस्ट्स' यादीत दिसतं: 'बेझ_५०', 'एचटीएमएल_मेसेज' आणि 'अनवाँटेड_लँग्वेज_बॉडी'. पहिल्याचे डीफॉल्ट गुण ०.८, दुसऱ्याचे नावापुरते ०.००१. भारी पडला तो तिसरा. हा मेलची भाषा ओळखणाऱ्या टेक्स्टकॅट प्लगिनचा नियम. हा प्लगिन मुळात बंद असतो. कुणीतरी परदेशी लेख बघून तो चालू केला आणि 'ओके लँग्वेजेस'मध्ये फक्त इंग्रजी लिहिली. त्या लेखाच्या वाचकांसाठी ते योग्यच होतं. आपल्याकडे मात्र निम्मा पत्रव्यवहार त्याने संशयित ठरतो. टेक्स्टकॅटला मराठी, हिंदी, संस्कृत ओळखता येतात, तेव्हा प्लगिन ठेवायचाच असेल तर त्यांचे कोड जोडा. नाहीतर प्लगिन बंद करा, ते जास्त बरं.

हा मेल समोर आल्यावर सवयीने केला जाणारा उपाय म्हणजे पुरवठादाराचा पत्ता 'वेलकमलिस्ट फ्रॉम'मध्ये टाकणं. तो टाळा आणि टाळायला लिहा. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणालाही खोटा लिहिता येतो, आणि या यादीतल्या पत्त्याला मिळणारी सूट एवढी मोठी असते की त्या नावाने आलेला फसवणुकीचा मेलही सरळ आत येतो. पत्ता घालायचाच असेल तर 'वेलकमलिस्ट ऑथ' वापरा, ती एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का ते तपासायच्या पद्धती) पटलं तरच सूट देते. जुन्या आवृत्तीत हीच 'व्हाईटलिस्ट ऑथ'.

गुण लिहिण्याच्या पद्धतीतही दोन खाचा आहेत. कंसात लिहिलेला आकडा मूळ गुणांत मिळवला जातो, कंसाशिवायचा त्यांची जागा घेतो. आणि एका नियमासमोर चार आकडे असले तर ते चार परिस्थितींचे असतात: बेझ आणि नेटवर्क दोन्ही बंद, फक्त नेटवर्क चालू, फक्त बेझ चालू, दोन्ही चालू. सगळं चालू असलेल्या सर्व्हरला चौथा लागू होतो.

## टप्पा ६: कॉपी-पेस्टमध्ये न मोडणारा मजकूर

टिपण वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ. अशी कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट केली की चालत नाही आणि डोळ्याला फरक दिसत नाही. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये किंवा मार्कडाउनमध्ये लिहा. पीडीएफ करायचीच असेल तर लांब ओळी मध्येच मोडत नाहीत ना, ते पाहा.

रूटच्या प्रॉम्प्टची हॅशची खूण कमांडसकट छापू नका. वाचणारा ती धरून कॉपी करतो, शेल त्या ओळीला कॉमेंट समजतं, काहीच घडत नाही आणि एररही येत नाही. कोणत्या युजरने चालवायची हे वरच्या तीन ओळींत आहेच.

उदाहरणात खरी डोमेन आणि खरे आयपी वापरू नका, ती जशीच्या तशी दुसऱ्यांच्या सर्व्हरवर जाऊन बसतात. 'एक्झाम्पल.कॉम' हे डोमेन याच कामासाठी राखून ठेवलेलं आहे, आणि १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४, २०३.०.११३.०/२४ हे आयपीचे तीन गटही. बदलायची जागा दरवेळी एकाच पद्धतीने दाखवा.

समजावणी मराठीत असू द्या, एरर आणि लॉगच्या ओळी मात्र मूळ इंग्रजीतच ठेवा. माणूस अडला की ती ओळच शोधतो. आणि तिचा स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा.

## टप्पा ७: परत फिरायची वाट

प्रत्येक बदलासोबत तो कसा काढायचा ते लिहा. ईटीसी फोल्डरला इटीसीकीपर किंवा गिट (बदलांची नोंद ठेवणारी साधनं) लावलेलं असेल तर कोणती आवृत्ती परत आणायची तेही. बेझसाठी 'एसए-लर्न बॅकअप' आधी घ्यायला सांगा. चुकीचं शिकवलेला मेल दुरुस्त करायला डेटाबेस पुसावा लागत नाही: स्पॅम म्हणून शिकवलेला मेल 'हॅम' (चांगला मेल) म्हणून पुन्हा शिकवला की आधीची नोंद आपोआप सुटते. हे माहीत नसल्यामुळे महिन्यांची मेहनत पुसून टाकली जाते.

'सगळे मेल अडायला लागले' या प्रसंगासाठी स्वतंत्र पान ठेवा, अगदी पहिलं. त्यावर तीनच कामं: किल लेव्हल ९९९ करा, अमाविस रीस्टार्ट करा, क्वारंटाईनमधले मेल सोडवा. त्या घाईत कुणी अमाविस बंदच केला तर मेल हरवत नाहीत, पोस्टफिक्सच्या रांगेत थांबतात. पण डीफॉल्ट मुदत पाच दिवसांची आहे, ती संपली की ते पाठवणाऱ्याकडे परत जातात. शुक्रवारी संध्याकाळी बंद केलेली सर्व्हिस जोडून सुट्ट्या आल्या की त्या मुदतीच्या काठावर पोचते.

## टप्पा ८: दुसऱ्याकडून चालवून घ्या

ज्याने हा सर्व्हर कधी हाताळलेला नाही, पण लिनक्सची कमांड लाईन ज्याला येते, अशा माणसाला कोरी मशीन आणि टिपण द्या. शेजारी बसा आणि बोलू नका. तो जिथे थांबला, जिथे दुसरी खिडकी उघडून शोधायला लागला, जिथे तुमच्याकडे बघायला लागला, त्या जागा टिपून घ्या. प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नका, त्याच क्षणी टिपणात लिहा आणि त्याला ते वाचू द्या. शेवटी तयारीतले पन्नास मेल त्याच्या मशीनवरून काढा. तुमच्या निकालाशी फार फरक पडला तर पहिला संशय डीएनएसवर घ्या, दुसरा बेझच्या युजरवर.

टिपणावर तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं पद लिहा. डिस्ट्रिब्युशनची मोठी आवृत्ती बदलली, स्पॅमअसॅसिनचा मुख्य आकडा बदलला, नवं डोमेन आलं, सर्व्हरपुढे नवा गेटवे बसला किंवा रिझॉल्व्हर बदलला, या पाच प्रसंगी टप्पा १ पासून पुन्हा चालवायचं. नुसते गुण बदलले असतील तर टप्पा ५ ची नोंद आणि पन्नास मेलची चाचणी पुरते.